कणगीच्या सारवणातलं भात

चांगुणाबाय मोकलच्या ओटीवर भात साठवायची जुनी कणगी आडवी पडली होती आणि तिची भाची शर्वाणी चिमट्याने तिचं सारवण खरवडत होती. शेणमातीत चिकटलेलं एकेक तूस ती जेवणाच्या डब्याएवढ्या वाचकपेटीत टाकी. पेटी त्यातली जनुकांची अक्षरं वाचायची. पण चाळीस वर्षांचं तूस, अखंड कुठलं असायला! पन्नास-पन्नास अक्षरांचे तुकडे निघायचे. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळवत गेलं की भाताचा पूर्ण आराखडा उभा राहतो.

भात होतं मोरकुसळ जातीचं. त्याची लाल पेज ज्याने प्यायली, त्याला हल्लीचा पांढरा भात गोड लागेल कशाला? बांध फुटून खाडी शेतात शिरली, त्याला नऊ वर्षं झाली. त्या खाऱ्या जमिनीत मोरकुसळच तगलं असतं, पण त्याचं बी कुठेच उरलं नव्हतं. यंदा पीक उभं राहिलं नाही, तर चांगुणाबायचा मुलगा तिथे कोळंबीचे तलाव खणणार होता.

"खारं पाणी सोसणारा भागच सापडत नाही गं आत्या," शर्वाणी वैतागून म्हणाली. "आणि तिसरा हिस्सा तुकडे भाताच्या जातींच्या वंशवृक्षात भलत्याच फांद्यांवर जाऊन बसतात. भेसळ म्हणून काढून टाकले."

"भेसळ?" आत्या उखडलीच. "भेसळ कोणाला म्हणतेस गो? नवी सून पहिल्या पेरणीला माहेरचं मूठभर भात सासरच्या बियाण्यात मिसळायची. मीपण मिसळलं. तुझ्या आजोबांनी पदरात बांधून दिलेलं. टाकताना किती रडले होते मी!"

शर्वाणी पुण्यात वाढलेली. तिला हे कोण सांगणार? तिने टाकलेले तुकडे परत घेतले आणि पेटीला ते वेगवेगळे जुळवायला लावले. दुपार कलली तेव्हा भाताची तीन घराणी पडद्यावर उभी राहिली. तीन सुनांच्या तीन मुठी! तिसऱ्यात खारं पाणी सोसणारा भाग सबंध होता. वंशवृक्षात ते घराणं आजोबांच्या गावच्या, संग्रहालयात जपलेल्या लोंबीशेजारी जाऊन बसलं. त्या गावाच्या शेतांवर आता कंटेनरांचं गोदाम आहे.

"आत्या, हे तुझ्या माहेरचं. म्हणजे माझ्याच घरचं! आणि मीच ते फेकून दिलं होतं."

चांगुणाबायने डोळ्यांना पदर लावला आणि रडता रडता हसली. "माझी जाऊ म्हणायची, हिच्या माहेरचं भात नुसतं जाडंभरडं. आज असायला हवी होती मेली!"

"आमच्या संस्थेत आम्ही हा भाग आजच्या भातात गुंफतो. मृगापर्यंत रोपं तुझ्या शेतात," शर्वाणी उत्साहाने म्हणाली. "एकदम शुद्ध. दाणा न् दाणा सारखा."

आत्याने खाडीकडे बघितलं.

"सगळा सारखा?" तिने विचारलं. "आणि उद्या खाडी आणखी चढली, तर ह्याच्यात माहेरची मूठ टाकायला कोण येणार गो?"