फाटकावरचा चेहरा

दोघी बहिणींतली धाकटी बूट वाजवत थेट ऑफिसात आली. थोरलीने कोणी सांगितलं नसताना उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पदर सावरला आणि कोपऱ्यातली खुर्ची धरली. तोंडाचा स्कार्फ तिने सोडला नाही. जळगावच्या एप्रिलात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

“दिपमालाताई कुठे आहेत?” धाकटीने विचारलं.

हितेंद्रला नेहमीसारखंच झोंबलं. खासगी तपासाचा हा धंदा त्याने सुरू केलेला. दिपमाला इंगळे पोलिसांतली नोकरी सोडून मागाहून आली. तरी येणारा प्रत्येक जण तिलाच शोधायचा.

धाकटी यावलची भूमिका भंगाळे, विद्यापीठात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. “मला काढून टाकताहेत,” आतल्या खोलीतून आलेल्या दिपमालाला ती म्हणाली. “मी माझं ओळखपत्र बाहेरच्या बाईला वापरायला दिलं म्हणे. शुक्रवारी मी धुळ्याला प्रकल्प स्पर्धेत होते, आणि त्याच वेळी माझ्या नावाने कुणीतरी इथल्या वाचनालयात बसलं होतं. आज दुपारी सुनावणी आहे.”

“धुळ्याला सोबत कोण होतं?”

“वसतिगृहातल्या माझ्याच खोलीतली स्नेहल तायडे. मला पहिलं बक्षीस मिळालं, तिला दुसरं.”

हितेंद्रने कान टवकारले.

“ओळखपत्र कधी हरवलं होतं?”

“दिवाळीत, घरी. दंड भरून नवीन घेतलं.”

“हिच्यासाठी सगळं बठ्ठं घर झिजलं, ताई,” कोपऱ्यातून थोरली, मोनाली म्हणाली. “मले फर्स्ट इयरमधून उठवून लग्न लावून दिलं. हिले शिकवलं. आता काढलं तं हिनं जावं कुठी? घरीच ना?”

विद्यापीठाच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी सुकदेव राजपूत ताठ उभे होते. मुली कार्ड टेकवत, हिरवा दिवा लागला की स्कार्फ सोडत, आणि फोटोशी चेहरा जुळला तरच आत जात.

“कुलगुरूंच्या सुनेलाही मी स्कार्फ सोडायला लावलाय,” सुकदेव म्हणाले.

“शुक्रवारी चेहरा जुळला?” दिपमालाने विचारलं.

“अगदी भूमिकाचाच. मी स्वतः पाहिला.”

“मग बाई दुसरी आहे, हे कळलं कसं?”

“सोमवारी फोन आला. बाईचा आवाज होता. शुक्रवारी भूमिकाच्या कार्डावर दुसरीच बाई वाचनालयात बसली होती, एवढं म्हणाली आणि फोन ठेवला. फाटकावरचा फोन जुना आहे, नंबर दिसत नाही. मग आम्ही चौकशी केली, तर भूमिका त्या दिवशी धुळ्याला.”

“हरवलेली कार्डं बंद करता?”

“ते संगणक विभागाचं काम.” सुकदेवांचा आवाज पहिल्यांदाच उतरला.

वाचनालयाच्या कॅमेऱ्यात वरून टिपलेली एक मुलगी दिसली. तिने दारात चपला काढल्या, कडेला नीट लावल्या आणि अनवाणी आत गेली.

“इथे चपला काढायचा नियम आहे?”

“छे हो,” ग्रंथपाल कमल मॅडम म्हणाल्या. “मी तिला भूमिका म्हणून हाक मारली, तिने मान हलवली. एकच नवल वाटलं. एम.एस्सी.ची मुलगी प्रथम वर्षाचं रसायनशास्त्र घेऊन बसली होती. आणि रडत होती. म्हटलं, परीक्षेचा ताण असेल.”

स्नेहलने काही लपवलं नाही. “मला तिचा हेवा वाटतो. धुळ्याहून येताना बसमध्ये मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पण फोन मी केला नाही.”

एवढं हितेंद्रला पुरेसं होतं. हेवा म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. निदान एकदा तरी दिपमालाच्या आधी आपण बोलायचं, असं त्याने ठरवलं.

सुनावणीला कुलसचिवांच्या दालनात सगळे जमले; सुकदेव फाटक सोडून आधीच आले होते, मोनाली मागाहून स्कार्फ बांधूनच आली. हितेंद्र उभा राहिला. “स्नेहलने जुनं कार्ड लांबवलं, कुणाला तरी आत पाठवलं आणि मग स्वतःच फोन केला. उघड आहे, मत्सर.”

स्नेहलचा चेहरा पांढरा पडला.

“मत्सर खरा,” दिपमाला शांतपणे म्हणाली. “पण धरलेलं माणूस चुकीचं. कार्ड वसतिगृहात नाही, यावलला घरी हरवलं. आणि सुकदेवभाऊ, तुम्ही इतके कडक, तरी फसलात. म्हणजे ती भूमिकासारखीच दिसते. कमल मॅडमही फसल्या. मग सांगा, ती भूमिका नाही हे फोन करणारीला कसं कळलं?”

ती टेबलाला वळसा घालून पुढे आली.

“पाहणारा प्रत्येक जण तिला भूमिकाच समजला. धुळ्याला गेलेल्या स्नेहलने तर तिला पाहिलंच नाही. ती भूमिका नाही, हे ठामपणे एकाच बाईला माहीत होतं. जी आत बसली होती, तिला. फोन तिचाच. ती प्रथम वर्षाचं पुस्तक उघडते, कारण तिचं शिक्षण तिथेच तुटलं. आणि विद्येच्या दारात चपला काढते, आमच्या दारात काढल्या तशाच. मोनालीताई, स्कार्फ सोडा.”

मोनालीने गाठ सोडली. उन्हाने रापलेला, गालांनी बसलेला, पण चेहरा तोच. सुकदेव खुर्चीतून अर्धे उठले.

“पहिल्यांदा नुसती बसायले आली व्हती,” ती म्हणाली. “दिवाळीत कार्ड सापडलं, ठेवून घेतलं. इथं सगळे मले तुझ्या नावानं हाक मारत, भूमिका. बरं वाटे. मग तू धुळ्याहून फोन केला, पहिली आली म्हनून. मी तव्हा केळीच्या बागेत व्हते, नुकतीच इथून परत गेलेली. वाटलं, हिलेच का बठ्ठं? एकदा येऊ दे घरी. कळू दे.”

“अन् आज माझ्यासोबत आलीस?” भूमिकाचा आवाज फुटला. “माझ्या शेजारी बसून आलीस बसमध्ये?”

“तुले एकटं कसं सोडू?” मोनाली म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने तोंडावर हात ठेवला.

भूमिकावरची कारवाई कुलसचिवांनी तिथेच रद्द केली. सुकदेव मात्र अडून बसले. “बाहेरची व्यक्ती आत शिरली. पोलिसांत द्यायला हवं.”

“तुमचं काय म्हणणं?” कुलसचिवांनी भूमिकाला विचारलं.

भूमिकाने बहिणीसमोर हात पसरला. मोनालीने पर्स उघडून जुनं कार्ड त्या हातावर ठेवलं. भूमिकाने ते सुकदेवांपुढे सरकवलं.

“हे आधी बंद करा. माझी तक्रार नाही. घरीही कुणाला कळू नये. पण हिला फाटकापर्यंत तुम्हीच सोडा. मी येणार नाही.”

मोनाली सुकदेवांच्या मागून खाली मान घालून निघाली. हितेंद्र स्नेहलपाशी गेला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

भूमिका खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. रस्त्यावर यावलची बस आली, गेली, धुरळा खाली बसला, तरी ती तिथून हलली नाही.