बेलवाडी रोडची खाजकुयली

सुमनबाई निताच्या हिंगोलीच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या.

"माही ऐश्वर्या परवा दुपारपासून न्हाई. पोलिसांनी तिच्या कॉलेजातल्या रुद्रला बसवून ठेवलंय. गाव म्हनतं, त्यानंच काही केलं. पन त्यो पोरगा तसा न्हाई, ताई."

"शेवटी कुठं दिसली?"

"बेलवाडी रोडच्या जुन्या टेसनात."

मीटरगेज बंद झाली, नवा मार्ग दुसरीकडून गेला आणि ते स्टेशन झाडाझुडपांत तसंच मागं राहिलं. निता खासगी तपास करायची. तिचा सहकारी देविदास जीप चालवायचा आणि चहा कुठं चांगला मिळतो ते लक्षात ठेवायचा.

पोलीस ठाण्यात रुद्र भिंतीला टेकून बसला होता.

"बॉटनीच्या प्रोजेक्टला तिला खाजकुयलीच्या शेंगा पाहिजे होत्या," तो म्हणाला. "हातमोजे, स्कार्फ, सगळं घालून आली होती. मी फाट्यावर पंक्चर काढून आलो, तर ती नव्हती."

"आत शोधलंस?"

"तिकीट खिडकीपर्यंत." त्याने बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर लाल पुरळ होतं.

स्टेशनाला वेलांनी पार गिळलं होतं. फलाटावर बाभळी, छपरावर पिंपळ. जानेवारीच्या उन्हात कुयलीच्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या होत्या. झुळूक आली की त्यांची लव हवेत चमकायची.

बाहेर तांड्यावरचा रामसिंग शेळ्या घेऊन उभा होता. त्याच्या हातांना कोपरापर्यंत शेण.

"भिंत सारवून राहिले का काका?" देविदास हसला.

"हस, हस. कुयली लागल्यावर शेणच लावा लागते. काल गावासंगं पोरीला हुडकत व्हतो. जो जो येलापाशी गेला त्याचे हेच हाल."

"इथं विहीर होती ना?" निताने विचारलं.

"व्हती की, मागल्या बाजूला. इंजनाला पानी देयाची. आता कोरडी पडली. पन तिच्यावर लोखंडी झाकन हाय, पक्कं. आमची शेरडं त्याच्यावर बसायची. आता येल लई वाढला, कोनी जात न्हाई."

"मागची बाजू काल कुणी पाहिली?"

"अमृतरावांनी. सोता."

अमृतराव सुमनबाईंचे थोरले भाऊ. त्यांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर आणि गोठा, जवळच होता. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला.

"पार भिंतीपोतर घुसलो येलात," ते म्हणाले. "काहीच न्हाई तिकडं. म्हनून बाकीच्यांना जाऊ देलं न्हाई, उगं तकलीफ. भाची हाय माही, झोप न्हाई मला."

देविदास गोठ्याकडं वळला आणि अडखळला. पाण्याच्या टाक्याखाली जाड, गोल लोखंडी पत्रा होता, कडेला कडी.

"मामा, हे काय रणगाड्याचं चाक हाय का?"

"जुनं हाय. पावसाळ्यात चिखल व्हतो इथं."

निताने भरलेला कप खाली ठेवला. "लांब दोर द्या. आणि चला, सगळे. सुमनबाईंनाही बोलवा."

स्टेशनात तिने आधी मागच्या भिंतीलगतचे वेल कापायला लावले. सुमनबाई थांबल्याच नाहीत. उघड्या हातांनीच त्या वेल ओढू लागल्या. खाली काळं, उघडं तोंड दिसलं. रामसिंगने हाक मारली.

बऱ्याच वेळाने तळातून एक बारीक आवाज आला. "आई."

देविदासने दोर कमरेला बांधला आणि रामसिंग त्याला खाली सोडू लागला.

"तुला कसं कळलं?" उतरता उतरता त्याने विचारलं.

"हातांवरून," निता म्हणाली. "रुद्र खिडकीपर्यंतच गेला, तरी त्याचे हात सुजले. रामसिंगकाकांना शेण लावावं लागलं. अमृतराव म्हणतात, ते वेलात घुसले. त्यांच्या हातांवर साधा ओरखडा नाही. म्हणजे ते तिकडं गेलेच नाहीत. तरीही दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही."

ती अमृतरावांकडं वळली.

"विहिरीवरचं झाकण तुमच्या टाक्याखाली आहे. पावसाळ्यात नेलं असणार. तेव्हा वेल हिरवा होता, खाजत नव्हता. पुढं तो उघड्या तोंडावर पसरला आणि जमिनीसारखा दिसायला लागला. ऐश्वर्या त्यावर पाय ठेवून शेंगा तोडायला गेली. ती हरवल्याचं ऐकलं, तेव्हाच तुम्हाला कळलं."

वाऱ्यावर शेंगा खडखडल्या.

"मी पाहिलंच न्हाई," अमृतराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "न्हाई पाहिलं तवर काही झालंच न्हाई, असं वाटून राहिलं होतं मला."

"आणि ते लेकरू ठाण्यात बसलं होतं," रामसिंग म्हणाला.

खालून देविदास ओरडला, "पाय मोडलाय! पण बोलून राहिली, पाणी मागतेय!"

सुमनबाई विहिरीच्या काठावर पालथ्या पडल्या होत्या. हात खांद्यापर्यंत लाल झाले होते, पण त्या खाजवत नव्हत्या. मान न वळवता त्या निताला म्हणाल्या,

"ताई, दादाला आधी इथून न्या. लेकरू वर आल्यावर पयलं त्याचं तोंड दिसाया नको."