वत्सलाबाईंच्या अंगातला ताप

"ठेवा ती वाटी खाली! माझ्या लेकराला हात लावू नका, आक्का!"

वर्षाराणीने वाटी हिसकावली तसा गूळपोळीचा मलिदा जमिनीवर विखुरला, आणि वत्सलाबाई हात पुढे केलेल्या तशाच उभ्या राहिल्या... हिवाळ्यातली सुस्त दुपार होती. नेकनूरच्या त्या पत्र्याच्या घरात उन्हाचे कवडसे संथपणे सरकत होते आणि खाटेवर सहा वर्षांची करिष्मा तापाच्या ग्लानीत पुटपुटत होती, "मोठी आई, पाखरं आली बघ... पांढरी पांढरी..."

मोठी आई म्हणजे वत्सलाबाई, करिष्माच्या वडिलांची विधवा भावजय. ऐन तारुण्यात कुंकू पुसले गेले तेव्हा माहेरच्यांनी दुसऱ्या लग्नासाठी किती विनवले! पण पदराला धरून उभा होता आईवेगळा धाकटा दीर, शहादेव. त्याला सोडून जाणे त्या माऊलीच्या हृदयाला झेपलेच नाही. त्याला वाढवले, चौसाळ्याला टायरचे दुकान घालून दिले, वर्षाराणीला जाऊ म्हणून नव्हे, लेक म्हणून घरात आणले.

आणि त्याच घरात टायफॉईड पुन्हा पुन्हा येत राहिला! आधी नव्या नवरीला, मग गेल्या साली करिष्माला, आणि आता परत त्याच कोवळ्या जिवाला. गल्लीतल्या बाया कुजबुजत, "हिच्या हातचं खाल्लं की माणूस निजतंय." वत्सलाबाई ते ऐकत, देवापुढे डोळे मिटून बसत. इतके दिवस वर्षाराणी तरी त्यांच्या बाजूने भांडत असे. आज तिचाही धीर सुटला होता...

करिष्माला बीडच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर नाजिया शांत, हसऱ्या चेहऱ्याच्या. त्यांनी घरचे पाणी तपासायला लावले, ते स्वच्छ निघाले. मग म्हणाल्या, "आता घरातल्या सगळ्यांची तपासणी करू."

निकाल आला तेव्हा त्यांनी एकट्या वत्सलाबाईंना आत बोलावले. बराच वेळ समजावून सांगितले. वत्सलाबाईंना वाटले, आपण खोल पाण्याखाली बसून कुणाचे तरी बोलणे ऐकतो आहोत. अखेर त्या उठल्या.

"सगळ्यांम्होरं सांगा, डाक्टरीणबाई. लेकराचा सवाल हाय."

"कुणालाही दोष देऊ नका," नाजिया शहादेव आणि वर्षाराणीला म्हणाल्या. "टायफॉईडमधून माणूस उठतो, पण कधी कधी जंतू अंगातून जात नाहीत. पित्ताशयात खडे असले तर तिथेच वर्षानुवर्षे राहतात. त्या माणसाला काही होत नाही, पण शौचावाटे ते बाहेर पडतात, नकळत हाताला लागतात, हातातून अन्नात जातात. शिजवल्यावर हाताने कुस्करलेलं, कालवलेलं खाल्लं की दुसऱ्याला ताप! वत्सलाबाईंच्या अंगात ते जंतू आहेत. यावर इलाज आहे..."

पुढचे वत्सलाबाईंना ऐकूच आले नाही. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. याच हातांनी भरवले... आणि प्रेम म्हणून जे दिले त्यातूनच...! वर्षाराणीने मान फिरवली, आणि ते मान फिरवणे साऱ्या शब्दांहून जिव्हारी लागले.

करिष्माचा ताप उतरल्याची खात्री झाली त्या सकाळी वत्सलाबाई कुणाला न सांगता शिरूर कासारच्या बसमध्ये बसल्या.

तिथे त्यांचा भाऊ रामकिसन राहत असे, पण आता तो बायकोपोरांसह ऊसतोडीला गेला होता. अर्धीअधिक वस्ती अशीच कुलूपबंद, निःशब्द. त्या रिकाम्या घरात त्या जणू स्वप्नातच वावरू लागल्या. एकटीपुरते शिजवायचे, एकटीने खायचे. डोळा लागला की करिष्मा पांढऱ्या पाखरांमागे धावताना दिसे. त्या हाक मारत, पण जवळ जात नसत. 'लांबच बरी मी... लांबच बरी!'

आणि एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. शहादेव धडपडत आत आला. मागे वर्षाराणी, पदराने तोंड झाकलेली.

"वैनी, का म्हून निघून आलात? न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. एक इचारतो. डाक्टरीणबाई म्हणल्या, वत्सलाबाईंना टायफॉईड कधी झाल्ता ते बघा. मला तर ठाव न्हाई. शेजारच्या सावित्रीबाईंना इचारलं. त्या म्हणल्या, मी ल्हान असताना लई आजारी पडल्तो, तुमी माझं हागणंमुतणं हातानं काढलं, अन् मी उठलो तशा तुमी पडलात. खरं हाय का?"

वत्सलाबाईंनी खाली बघितले. "तापल्याल्या लेकराला काय टाकून द्यायचं असतंय व्हय रं?"

"म्हंजे तो माझाच ताप हाय, वैनी!" शहादेवचा बांध फुटला. "माझा ताप तुमी इतकी वर्सं अंगात वागवला, अन् आमी तुमालाच..."

वर्षाराणी धावत आली आणि पायांवर कोसळली. "आक्का, माझं तोंड जळो! मला लेकराबिगर काई दिसलंच न्हाई!"

"आईला दुसरं काय दिसणार, येडे? ऊठ. पर मी न्हाई येणार. हे अंगातून निघंस्तवर तुज्या उंबऱ्यात पाय ठिवणार न्हाई."

"डाक्टरीणबाईंनी कुटं घर सोडा म्हणलं? साबणानं हात धुवायचे, अन् सैपाक तेवढा करायचा न्हाई. गोळ्या घ्यायच्या, खड्यांची पिशवी काढून टाकायची. तुमी पुरतं ऐकलंच न्हाई, आक्का! अन् तुमी आल्या न्हाई तर मीबी हितंच ऱ्हाते."

ती खरोखरच भिंतीला टेकून बसली. सांज व्हायच्या आत वत्सलाबाई निघाल्या.

पुढे गोळ्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने पुन्हा पुन्हा तपासण्या झाल्या, आणि एके दिवशी नाजियांनी त्यांचे हात हातात घेऊन सांगितले की आता जंतू नाहीत. पण वत्सलाबाईंच्या मनाला विचाराल तर त्या बऱ्या झाल्या त्या आधीच, शस्त्रक्रियेच्या दुपारीच.

भूल उतरत होती. सगळे धुरकट, तरंगते, पांढरे पांढरे... आणि कुणीतरी त्यांचे केस विंचरत होते, हळूहळू, एकेक गुंता सोडवत. असे केस त्यांचे कुणी विंचरले होते? फार फार मागे, लहानपणी, चुलीपाशी बसवून...

"आई गं," वत्सलाबाई ग्लानीत म्हणाल्या, "तू आलीस व्हय?"

फणी क्षणभर थबकली. वर्षाराणीने डोळे पुसले, वाकून आपला गाल त्यांच्या कपाळाला टेकवला, आणि मग पुन्हा विंचरू लागली.

"हं," ती म्हणाली, "आले मी. झोप तू."