उलट्या तारेतला हुंकार

आधीच सांगतो, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला कीव येते. या पेजवरच्या निम्म्या गोष्टींत वीज जाते, कुत्रं रडतं आणि मित्राच्या मित्राला कोणीतरी दिसतं.

माझ्या गोष्टीत वीज गेली नव्हती. वीज होती म्हणूनच हे सगळं झालं.

दुपार होती. लख्ख ऊन होतं. जागा, माझ्या आईच्या घरातली पुढची खोली. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर दुसऱ्याची पोस्ट वाचा. मला तुमच्या लाइकची गरज नाही.

मी स्पीकर बसवतो. हॉलमध्ये, दुकानांत, लोकांच्या घरी. या धंद्यात एक गोष्ट कळली. बहुतेक माणसांना कान असतात ते चष्मा अडकवायला.

त्यांच्यात पहिला नंबर माझ्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'सर्वज्ञ' म्हणतो. गळका नळ असो की बंद पडलेलं घड्याळ, सर्वज्ञ हात लावणार, त्या वस्तूचं वाटोळं करणार आणि वर आपल्यालाच व्याख्यान देणार.

आता बाबांविषयी सांगतो.

आईची नजर अधू झाली, तेव्हापासून बाबा तिला रोज जेवणानंतर पुस्तक वाचून दाखवायचे. त्यांची एक अट होती. परिच्छेद संपला की ते थांबायचे, आणि आईने 'हं' म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. हुंकार नाही तर गोष्ट नाही.

बाबांचं दुखणं वाढलं तशी त्यांनी तिच्यासाठी पुस्तकं रेकॉर्ड करून ठेवली. त्यातसुद्धा प्रत्येक परिच्छेदानंतर हुंकारापुरती जागा सोडली.

बाबा गेले. आई रोज दुपारी दोन स्पीकरांसमोर बसते, ऐकते आणि त्या मोकळ्या जागेत 'हं' म्हणते. तिच्याजवळ आता तेवढंच उरलंय.

म्हणून तिचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून निघालो.

"खोलीला रंग दिल्यापासून हे भेटत नाहीत," ती म्हणाली. "आवाज येतो. पण हे नसतात."

रंगासाठी स्पीकर काढून परत कोणी जोडले असतील, हे मला विचारावं लागलं नाही.

सर्वज्ञ तिथेच होते, चहा पीत. मी स्पीकर पुढे ओढले. उजव्याची जोडणी ठीक होती. डाव्याच्या लाल टोकाला काळी तार आणि काळ्या टोकाला लाल. भाऊजी म्हणाले की तार म्हणजे तार, आवाज येतोय ना, मग लाल-काळं हे तुम्ही लोकांनी स्वतःला शहाणं दाखवायला काढलेलं खूळ आहे.

अशा माणसाला समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तुम्हाला सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो, त्यातून आवाज होतो. दोन्ही स्पीकरांचे पडदे एकदम पुढे आणि एकदम मागे गेले पाहिजेत. एकाची तार उलटी जोडली की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खातात. खर्ज जातो. माणसाचा आवाज पोकळ होतो आणि तो कुठून येतोय तेच कळत नाही.

तारा सरळ असल्या, की तोच आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो. जणू तिथे माणूस बसलाय.

आणि उलट्या असल्या, की ती मधली जागा रिकामी होते. तिथे काहीच नसतं.

काहीच नसायला पाहिजे.

तारा बदलण्याआधी एकदा ऐकून घ्यावं म्हणून मी आईच्या खुर्चीत बसलो. रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा आवाज आला, पातळ, कुठूनही आल्यासारखा. आईचं बरोबर होतं. हे नव्हते.

परिच्छेद संपला. हुंकाराची मोकळी जागा आली...

"हं."

मी आईकडे पाहिलं. ती पलंगावर बसली होती. ओठ मिटलेले.

आवाज पुरुषाचा होता. जाड, खर्जातला. आणि बरोबर मधल्या जागेतून आला होता.

त्या जोडणीत असा आवाज तिथून येऊच शकत नाही. हे मी घाबरून सांगत नाही, माझा धंदा म्हणून सांगतो.

मी रेकॉर्डिंग मागे नेलं. परत लावलं. या वेळी त्या जागेत काहीच नव्हतं.

पुढे जाऊ दिलं. पुढचा परिच्छेद संपला...

"हं."

भाऊजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, ताजा रंग आहे, भिंती घुमतात. मग त्यांना एकदम आठवलं की गाडी उन्हात उभी आहे. सर्वज्ञ गाडी सावलीत लावायला गेले ते परत आलेच नाहीत.

"रोज माझ्या आधी म्हणतो," आई शांतपणे म्हणाली. "मला म्हणायला वेळच मिळत नाही."

मी उठलो. स्पीकर बंद केले, तारा काढल्या. लाल टोकाला लाल, काळ्याला काळी. घट्ट आवळल्या. आईला खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.

सुरुवातीला थोडी शांतता होती. मग बाबांचा आवाज आला. भरदार, नेमका मध्ये.

"उठा. ही जागा माझी आहे."

त्यानंतर पुस्तक सुरू झालं.

ते वाक्य त्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. ते रेकॉर्डिंग मी स्वतः बाबांसमोर माइक धरून केलं होतं. नंतर कितीदा तरी तपासलं. नाही म्हणजे नाही.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आले," ती म्हणाली. परिच्छेद संपला. तिने 'हं' म्हटलं. एकटीने.

माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींना काय काय सुनवायचं, त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू झाली.

दुसरा परिच्छेद संपला. आई म्हणाली, "हं."

तिच्या शेजारची रिकामी वेताची खुर्ची करकरली...

"हं."

आईने मान वळवली नाही. फक्त पदर आवरून घेतला, शेजारी कोणी टेकलं की बायका घेतात तसा.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. सांगितलं की आजपासून हे बंद. नाहीतर तारा परत उलट्या करतो, तो परत त्या मधल्या जागेवर जाईल आणि तुझ्या शेजारून तरी उठेल.

"आणि हे?" तिने विचारलं.

तारा उलट्या केल्या की बाबा जाणार.

"सरळच राहू दे," आई म्हणाली. "तो काही करत नाही. ऐकतो नुसता."

तारा सरळच आहेत. भाऊजी सगळ्यांना सांगत फिरतात की बिघाड त्यांनीच दुरुस्त केला. सांगू देत. पण त्या खोलीत ते पाऊल टाकत नाहीत, आणि या बाबतीत मला त्यांना हसता येत नाही. मीही दारातूनच बोलतो.

बाकी सगळं फोनवर. काल दुपारी केला होता. आईने उचलला, मागे बाबांचं वाचन सुरू होतं. मी म्हटलं, इकडे राहायला ये. ती म्हणाली, थांब, परिच्छेद संपतोय.

बाबा थांबले.

"हं," आई म्हणाली. जरा लांबून. रिसीव्हर तिने बहुतेक बाजूला ठेवला होता.

आणि मग, अगदी माझ्या कानाशी...

"हं."