मागं जागा न्हाई

सयाजीची मोटार इतकी लहान होती, की म्हैस आडवी आली तर हॉर्न वाजवण्यापेक्षा खाली उतरून तिची माफी मागणं बरं पडे. पिंपरीच्या औषध कारखान्यातले एक साहेब विलायतेला परतताना ती त्याच्या गळ्यात टाकून गेले होते. थंडीत हँडल मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा, मोटार मात्र गारच.

पण त्या पौषात तिच्याशिवाय इलाज नव्हता. बायकोचे, रंभाचे, दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं. या वेळी माझ्या आईचेच हात लागले पाहिजेत, असं तिने बजावलं होतं. म्हणून तिला शेजारच्या विमलबाईंवर सोपवून सयाजी मंचरला गेला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच सासूबाईंना, छबूबाईंना, मागच्या बाकावर घडी घालून बसवून निघाला.

खेडच्या घाटात मोटारीने हाय खाल्ली. अशा चढाला माणसांनी उतरून चालायचं, हा रिवाजच. छबूबाई उतरल्या, सयाजीने मोटार रिकामी वर नेली. माथ्यावर त्याने इंजिन चालूच ठेवलं. गारठ्यात बंद पडलं असतं तर दुपारपर्यंत हललं नसतं. पाय ॲक्सिलरेटरवर, नजर समोरच्या धुक्यात. थोड्या वेळाने मागची स्प्रिंग कुरकुरली आणि मोटार मागे दबली. दाराचा आवाज आला होता की नाही, हे त्याला नंतर काही केल्या आठवेना.

"बसलात का, मामी?"

उत्तर आलं नाही. दमल्या असतील, वर रुसल्याही असतील. त्याने गिअर टाकला. वाटभर तोच बोलत राहिला, कारखान्याचं, थंडीचं, रंभाच्या डोहाळ्यांचं. काचा बंद होत्या, तरी मानेवर गार वारा येत होता. जुन्या मोटारीला फटी फार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

चाकणला कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. मागून एसटी येऊन थांबली. तिच्यातून छबूबाई उतरल्या.

त्यांनी काच ठोकली. "जावईबापू, म्हातारीला घाटात टाकून पळालात व्हय?"

सयाजीने तेव्हा कुठे मागे पाहिलं. बाक रिकामा होता. छबूबाईंचं गाठोडं कोपऱ्यात सरकवलेलं होतं, आणि उरलेल्या जागेतली गादी खाली दबलेली होती.

छबूबाईंनीही पाहिलं. मग त्या वळसा घालून पुढे, त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"मागं ऐसपैस बसा की," सयाजी म्हणाला.

"मागं जागा न्हाई," त्या म्हणाल्या. "चला. पोर वाट बघतीया."

एसटी सरळ पुण्याची. पिंपरीला न्यायला हीच एक मोटार होती. मोशी गेलं, भोसरी गेली. दोघंही समोर बघत होते. खड्डा आला की मागची स्प्रिंग जड कण्हायची.

चाळीपुढे विमलबाई चुलीवर पाणी तापवत होत्या. पहाटेपासून कळा येताहेत, म्हणाल्या. आतून रंभाचं विव्हळणं ऐकू येत होतं.

छबूबाई दाराची मूठ चाचपू लागल्या. ती त्यांना सापडेना.

तेवढ्यात मोटारीची मागची बाजू हलकी होऊन वर आली.

सयाजीने दार उघडलं नव्हतं. छबूबाईंनीही नाही.

घरात विव्हळणं थांबलं.

"आलीस, आई?" रंभा आतून म्हणाली. "हात किती गार गं तुझे."