मागच्या जिन्याचा दवाखाना

आधी ते मोबाईल उलटे ठेवा. त्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतायत, मग मी काय वेगळं सांगणार! आणि मधेमधे ‘मग काय झालं’ करायचं नाही. सांगतोय ते घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तुमच्यातल्या दोघांच्या नाकावर त्याच्याच हातच्या काचा आहेत. नाव विचारू नका. आपण चष्मेवाला म्हणू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चष्मेवाल्याला ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. शेवटी रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. कसा झाला, ते त्याचं तो जाणे. नसत्या चौकशा मी केल्या नाहीत, तुम्हीही करू नका. तपासणीवाल्या बाईंनी त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि म्हणाल्या, “घाबरू नका. मोठ्या दवाखान्यात पहिल्या मजल्यावर यावर औषध देणारं केंद्र आहे. रोज एक गोळी, वेळ चुकवायची नाही. चांगले म्हातारे व्हाल, नातेवाईक कंटाळतील इतके.”

तो कसाबसा हसला. पण त्या केंद्राचं बाक कुठे आहे, हे त्याला माहीत होतं. जिना चढला की समोरच. हाड मोडलेला असो नाहीतर दात दुखणारा, वर जाणारा प्रत्येक माणूस त्या बाकावर कोण बसलंय ते बघत जातो. चष्मेवाल्याला आजारापेक्षा त्या बाकाची धास्ती. आता हसू नका. तुम्हालाही वाटली असती.

घरी सांगायला होतं कोण? आईवडील लहानपणीच गेलेले. मोठ्या बहिणीने वाढवलं, शाळेत घातलं, दुकानात चिकटवलं. ती ताईही या तापाच्या चार वर्षं आधी गेली. कावीळ झाली म्हणाले. उरले ताईचे यजमान, त्याचे दाजी. कचेरीत कारकून. बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटावं. त्याने दाजींना सगळं सांगितलं, अगदी ढसाढसा रडून सांगितलं.

दाजींनी दार लावून घेतलं.

“हे बघ, झालं ते झालं. पण मोठ्या दवाखान्यात पाऊल टाकू नकोस. एकदा त्या बाकावर दिसलास की दुकानही गेलं आणि आब्रूही. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. बाजारातल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या जिन्याने जायचं. रात्री नऊनंतरच बघतात, म्हणजे कुणाच्या नजरेला पडायला नको. तीन महिने त्यांची बाटली घेतलीस की रक्त साफ.”

“पण त्या बाई म्हणाल्या, रोजची गोळी…”

“त्या बाईंना पगार मिळतो तसं बोलायचा. मी तुझा कोण आहे?”

यावर बोलणार काय! आपल्या माणसाने डोक्यावर हात ठेवला की डोकं चालायचं बंद होतं. त्याने ठरवून टाकलं.

मंगळवार होता. नऊ वाजून दहा मिनिटं. दुकान बंद करून तो बाजाराच्या मागच्या बोळात शिरला. जिना अरुंद, कठडा गार. तिसऱ्या मजल्यावर एकच दिवा. लांबट खोली, भिंतीला लावून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टोकाला एक बंद दार. दारावर पाटी, ‘आवाज करू नये’.

खोली भरलेली होती. दहा-अकरा जण असतील. सगळ्यांच्या माना खाली. त्याला उलट बरंच वाटलं, आपण एकटे नाही म्हणून. कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी होती, शेजारी पदर डोक्यावरून घेतलेली बाई. तो बसला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मग त्याच्या ध्यानात आलं, की इथे कुणी खोकत नाही. दवाखाना आहे… आणि कुणी खोकत नाही. कुणी पाय हलवत नाही. कुणाच्या श्वासाचा आवाज नाही.

समोरच्या म्हाताऱ्याने मान न उचलता विचारलं, “नवीन?”

“हो.”

“कुणी पाठवलं?”

“आमच्याच माणसाने.”

“हं,” म्हातारा म्हणाला. “आम्हालाही.”

आतून आवाज आला. “चला, पुढचे!”

कुणी उठलं नाही.

“पुढचे!”

कुणीच नाही. चष्मेवाल्याला वाटलं, आपणच जावं. तो उठला…

आणि शेजारून बाही धरली गेली.

“बस खाली.”

तो बसला. पाय आपोआप दुमडले. हा आवाज त्याला ठाऊक होता. याच आवाजाने त्याला पाढे म्हणायला लावले होते. तापात उशाशी बसून गप्प झोपायला सांगितलं होतं.

“…ताई?”

पदर हलला नाही.

“कुणी पाठवलं तुला?”

“दाजींनी.”

बाहीवरची पकड घट्ट झाली. मग…

“मलाही.”



“तुला कावीळ…”

“बाटल्या पाजल्या मला. इथल्या. दोन वर्षं.” आवाज अगदी हळू. रागाचा नव्हे. थकलेला. “ते स्वतः कुठे जातात, विचारलंस?”

“…नाही.”

“मीही नाही विचारलं.”

दार उघडलं. उजेडाची पट्टी खोलीभर पडली. डॉक्टर दारात उभे. “अहो, केव्हापासून हाका मारतोय! एकटेच बसलात, आणि ऐकू येत नाही?”

एकटेच.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहीवरची पकड मात्र… अजून होती.

तो उठला. जिन्याकडे धावला. किती पायऱ्या उतरला, कुठे ठेचकाळला, काही आठवत नाही म्हणतो. बाही कधी सुटली, तेही नाही.

झोप कसली लागतेय! सकाळी आठला तो मोठ्या दवाखान्यात. पहिला मजला. बाकावर बसला, सगळ्यांच्या देखत. खिडकीतून एक फॉर्म मिळाला, तो भरला. शेवटची ओळ होती, ‘गोळीची आठवण कोण करून देईल?’ तिथे पेन अडलं. त्याने ओळ कोरी सोडली आणि फॉर्म परत दिला.

तेवढ्यात पलीकडच्या औषधाच्या खिडकीतून हसरा आवाज आला. “तुमच्यासारखे पेशंट हवेत बघा! सहा वर्षांत एक तारीख चुकली नाही तुमची.”

खिडकीशी दाजी उभे होते. हातात हाताळून मऊ झालेलं औषधाचं पुस्तक, पिशवीत गोळ्यांची बाटली.

सहा वर्षं. ताईला जाऊन चार. चष्मेवाल्याने हिशेब मांडला. ती जिवंत असताना दोन वर्षं हा माणूस इथून खरी गोळी नेत होता आणि तिला मागच्या जिन्याने वर चढवत होता.

दाजी वळले आणि जागच्या जागी थिजले.

“अरे, तू इथे… कुणी बघितलं तर तुझी आब्रू…”

“माझी की तुमची?”

दाजींनी खाली बघितलं. “ती इथे आली असती तर तिने मला याच खिडकीशी बघितलं असतं. तिला हे माझ्याकडूनच आलंय, कसं सांगणार होतो मी तिला? आणि तू आला असतास तर तुलाही सगळं कळलं असतं.”

“एवढ्यासाठी?” चष्मेवाला म्हणाला. “एवढ्यासाठी, दाजी?”

शिवी द्यावी, गळा धरावा, सगळं मनात येऊन गेलं. पण त्याला रडू फुटलं. परक्याने मारलं असतं तर सोसलं असतं. यांच्या तर गळ्यात पडून रडला होता तो. दाजी जिना उतरून गेले. त्यानंतर चष्मेवाला त्या घराचा उंबरा चढला नाही.

आतून पुकारा झाला. टेबलापलीकडच्या बाई त्याचा फॉर्म वाचत होत्या.

“छान, सगळं भरलंय. ह्या आठवण करून देणार ना तुम्हाला? मोठी बहीण?”

तो बघत राहिला. शेवटच्या ओळीत ताईचं नाव होतं. पुढे नातं, आणि वेळ, रात्री नऊ. खाली सही.

“सोबत राहतात का त्या?” बाईंनी विचारलं.

त्याने बाहीवरून हात फिरवला.

“हो,” म्हणाला.

त्याची तब्येत आता ठणठणीत आहे, तुम्ही बघताच. तो कागद त्याच्या फायलीत आहे अजून. त्याने मला मुद्दाम नेऊन दाखवला, कारण त्याच्या ताईला पाचवीत मी शिकवलंय. दर शनिवारी तिच्या वह्या तपासायचो…

अक्षर तिचंच आहे.