वजा केलेला श्वास

जेवण उरकून मधली वाटाण्याच्या रोपांचे ट्रे घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरली, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. डोक्यात एकच विचार होता. सरांना आलेख दाखवायचे होते आणि आलेख काही केल्या सरळ येत नव्हते.

मधली हे काही तिचं नाव नव्हे. वर दादा, खाली धाकटी, म्हणून ही मधली. धाकटी लग्न करून केव्हाच मोकळी झाली होती. दादा यंत्रांत आणि मधली शेतीत, अशी दोघं एकाच विद्यापीठात डॉक्टरेटच्या मागे लागलेली होती. आई शेजारणींना सांगायची, "धाकटीची पोरं शाळेत जायला लागतील, पण माझ्या दोघांची शाळा काही सुटायची नाही."

तळघरातली ती खोली म्हणजे झाडांसाठी बांधलेली रात्र होती. तिथलं घड्याळच उलटं. बाहेर दिवस असला की आत काळोख आणि बाहेर रात्र झाली की आत दिवे. झाडं अंधारात किती श्वास सोडतात, तो उकाड्यात किती वाढतो, हे मधलीला मोजायचं होतं, आणि या उलट्या घड्याळामुळे ते काम भर दुपारी करता यायचं. दाराला जाड रबर होतं. एकदा ते लागलं की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. आत एक पंखा संथ घुमत राहायचा. ओल्या मातीचा वास असायचा, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, बंद खोलीत कुणीतरी खूप वेळ झोपून उठावं तसा. मधली म्हणायची, मुळांचा असेल.

आतल्या हवेत सोडलेला श्वास किती साठला, ते दाखवणारं यंत्र दादानं बसवून दिलं होतं. त्याचा पडदा बाहेर, दाराशेजारी होता. रोपांचा श्वास तो केवढा! पडद्यावरची रेघ मुंगीच्या चालीनं वर चढायला हवी होती. ती जिना चढावा तशी चढत होती.

आधी मधलीनं दोष मातीला दिला. मातीत जीव असतात, तेही श्वास सोडतात. तिनं माती काढून भट्टीत तापवलेली वाळू भरली. रेघ तशीच. मग रोपं काढली. मग ट्रे, घमेली, पाण्याची झारीसुद्धा बाहेर आणून ठेवली, खोली धुऊन पुसून रिकामी केली, दार लावलं आणि पडद्यासमोर उभी राहिली.

रिकाम्या खोलीत रेघ चढत होती.

दादानं येऊन यंत्र उघडलं, तपासलं, पुन्हा लावलं. फट असती तर आकडा खाली आला असता, तो म्हणाला, वर कसा जाईल? मग त्यानं सवयीप्रमाणे कागदाच्या चिटोऱ्यावर हिशेब मांडला, दोनदा पडताळला आणि पेन्सिल कानामागे खोचली. मधलीनं विचारल्यावर म्हणाला,

"हा एका माणसाचा श्वास आहे. झोपलेल्या माणसाचा."

दोघंही हसली. पण हसताना दोघांनीही दाराकडे पाहिलं.

सरांना आलेख दाखवताना मधलीला वाटलं होतं, आता चांगलीच हजेरी घेतील. सर तापट होते, एका दशांश चिन्हावरून माणसाला घाम फोडायचे. पण सरांनी रेघ पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले. ते मुळीच चकित झाले नाहीत, आणि मधलीला नेमकी त्याचीच भीती वाटली.

"तेवढा आकडा वजा करायचा," ते म्हणाले. "त्या खोलीत आम्ही पहिल्यापासून करतो. माझ्या सरांनीही केला. तो आकडा कधी बदलत नाही, त्यामुळे काही अडत नाही."

पण तो कशाचा आकडा आहे, असं तिनं विचारलं. सरांनी पुढचा कागद ओढला आणि रोपांच्या उंचीबद्दल बोलायला लागले.

मधली वजा करायला लागली. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. माणसाला कशाचीही सवय होते. झोपलेल्या माणसाच्या खोलीत वावरावं तशी ती आत पाऊल न वाजवता वावरू लागली. हातात मंद हिरवा दिवा असायचा, कारण हिरवा उजेड झाडांना जवळजवळ कळत नाही. कधीकधी तिला वाईटही वाटायचं. इतकी वर्षं जो कोणी इथे पडून आहे, त्याची आपल्याला दखल नाही, उलट रोज त्याला हिशेबातून पुसून टाकायचं...

आणि एका दुपारी पानं तपासता तपासता तिच्या तोंडून गेलंच. हळूच, आजाऱ्याच्या उशाशी विचारावं तसं.

"कोण आहे?"

पंखा घुमत होता. दुसरा आवाज नव्हता. फक्त मानेवर कोमट हवेची एक झुळूक आली आणि गेली. पंखा तिच्या समोर होता.

ती धडपडत बाहेर आली, दार लावलं आणि पडद्याकडे पाहिलं. रेघ ताठ उभी राहिली होती. माणूस दचकून जागा व्हावा आणि त्याला धाप लागावी, तशी.

त्यानंतर तो आकडा कधीच स्थिर राहिला नाही. कधी दुप्पट, कधी अगदी मंद, दबा धरल्यासारखा. मधली आत शिरली की, तिचा स्वतःचा श्वास वजा करूनही, तो वाढायचा. ठराविक आकडा वजा करता येतो, रोज बदलणारा कसा करणार? प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं. तिची झोप उडाली. ती खोलीच्या दारापर्यंत जायची आणि रोपांना पाणी न घालताच परत यायची. शेवटी दादापाशी रडली.

दादा तिच्यावर रागावला नाही. हात दाखवून अवलक्षण केलंस, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपली अवजारांची पेटी घेऊन आला. मी आत बसतो, म्हणाला, माझा श्वास किती ते मला माहीत आहे. तो वजा करून उरेल ते कुठून येतंय ते शोधतो. तू बाहेर पडद्यावर लक्ष ठेव. मी ठोठावल्याशिवाय दार उघडू नकोस, हवा आत आली की सगळं मुसळ केरात.

दार लागलं. रबर चोखल्यासारखा आवाज करत बसलं.

रेघ दोन माणसांची चढू लागली. मधलीला ते अपेक्षितच होतं. मग चढ वाढला. आत दोघं धावत असावीत इतका वाढला. तिनं दाराला कान लावला. दादाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. तो काहीतरी विचारत होता. मग गप्प होत होता, ऐकणारा गप्प होतो तेवढा वेळ. मग पुन्हा विचारत होता.

मग नुसता पंखा.

पडद्यावर चढ मोडला. रेघ खाली कलली, सावरली आणि अगदी निवांत चढू लागली. एका माणसाची.

मधली वाट पाहत राहिली. कुणी ठोठावेना. "दादा..." तिनं हाक मारली. मग तिला राहवलं नाही, तिनं दोन्ही हातांनी दार ओढलं.

दादा दाराला लागूनच उभा होता, तिच्याकडे तोंड करून. अंधारात किती वेळ तसा उभा होता कोण जाणे.

"उघडलंस होय," तो शांतपणे म्हणाला. "गेलं ते. आता काही नाही."

भिंतीतल्या जुन्या नळीतून शेजारच्या प्रयोगशाळेची हवा झिरपत होती, ती मी बुजवली, असं त्यानं सांगितलं. मधलीनं दार पुन्हा लावून पाहिलं. रिकाम्या खोलीत रेघ आडवी पडून होती. हलत नव्हती. तिच्या जिवात जीव आला. ती तिथेच पायरीवर बसून हसली, रडली. अवजारांची पेटी तिनंच उचलून घेतली, दादा विसरून पुढे चालू लागला होता.

पुढचे आलेख आरशासारखे स्वच्छ आले. सरांनी ते बराच वेळ पाहिले. शाबासकी दिली नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आत कोण गेलं होतं?"

"माझा भाऊ."

"बरा आहे ना तो?"

बराच होता की. उलट आई खूश होती. दादाचं घोरणं अख्ख्या घराला माहीत, ते एकाएकी थांबलं होतं. आता याला मुलगी दाखवायला हरकत नाही, आई म्हणायची. चहा तो गरमच्या गरम, न फुंकता प्यायचा. घरात कुठे आहे ते कळायचं नाही, वळून पाहिलं की असायचा. मधली स्वतःला समजवायची की दमलाय बिचारा, माझ्यापायी दमलाय.

तोंडी परीक्षेच्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. आई उंबऱ्यापर्यंत आली, शाल नीट घे म्हणाली आणि तिच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला. बसथांब्यावर पाच-सहा माणसं कुडकुडत होती, सगळ्यांच्या तोंडाभोवती धुकं. कुणीतरी खोकलं, पांढरा ढग उठला. मधलीनं ओंजळीत फुंकर मारली आणि दादाकडे वळली. तो तिला सोडायला आला होता. म्हणाली, मला फार भीती वाटतेय रे.

दादा हसला. बोलू लागला. काय विचारतील, कसं उत्तर द्यायचं, सरांकडे पाहायचं नाही, सगळं नेहमीसारखं, प्रेमानं. मधली त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. ओठ हलत होते. हवा स्वच्छ होती.

मग तिची नजर जरा वर गेली. दादाच्या खांद्याच्या मागे, जिथे कुणीच उभं नव्हतं, तिथे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक लहानसा पुंजका उमटला आणि विरला. पुन्हा उमटला. दादाच्या शब्दागणिक.

"घाबरतेस कशाला," दादा म्हणाला. "मी आहे ना मागे."